रिसीव्हरला वेगळा ॲम्प्लिफायर जोडावा का? कट्ट्यावरचा एक वाद

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर जो कट्टा आहे, तिथे रविवारी रात्री जमणाऱ्या मंडळींपैकी चौघापाचांच्या घरी होम थिएटर आहे, त्यामुळे क्रिकेट आणि राजकारण आटोपले की बोलणे हमखास आवाजाकडे वळते. या वेळी ते आमच्यातल्या सर्वांत धाकट्यामुळे वळले. चित्रपटात पार्श्वसंगीत चढले की पात्रांचे बोलणे त्यात बुडून जाते, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा रिसीव्हर कमी पडतो आहे, असा निष्कर्ष त्याने काढला होता आणि समोरच्या तीन स्पीकरांसाठी तीन चॅनेलचा, म्हणजे प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र ताकद देणारा, वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचे ठरवून तो कट्ट्यावर आला होता.

अण्णांनी त्याला लगेच दुजोरा दिला. त्यांचे म्हणणे असे की, रिसीव्हर म्हणजे एका डब्यात कोंबलेला सगळा संसार असतो. आवाजाचे डिकोडिंग, चित्राची ने-आण, खोलीप्रमाणे आवाजाची दुरुस्ती आणि त्यावर सात किंवा नऊ चॅनेलचे ॲम्प्लिफायर, आणि या सगळ्या ॲम्प्लिफायरांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर मात्र एकच. माहितीपत्रकावरचे १०० वॅट बहुधा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात, आणि पाच-सात चॅनेल एकदम राबू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून बरेच कमी येते. काही माहितीपत्रकांत तर एकच चॅनेल, ६ ओहमचा भार (ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचे माप) आणि १० टक्के विकृती धरून भलामोठा आकडा छापलेला असतो. वॅटच्या आकड्यांचा हा घोळ जुनाच आहे; त्याला शिस्त लावण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करावा लागला होता.

"अण्णा, तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण याच्या घरात किती वॅट खर्च होतात हे आधी मोजूया की," असे म्हणत मास्तरांनी वडापावचा कागद उलटा करून मांडीवर घेतला. मास्तरांनी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आहे आणि त्यांचे हिशेब मला नेहमीच पटत आले आहेत. धाकट्याच्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. त्याचा सोफा ३ मीटरवर आहे. मोकळ्या जागेत एवढ्या अंतरावर सुमारे साडेनऊ डेसिबल गळतात. बंद खोलीत भिंती त्यातले थोडे परत देतात, पण ते हिशेबात धरायचे नाही, असे मास्तरांनी ठरवले. उरले साडेसत्याहत्तर. वॅट दसपट झाले की १० डेसिबल वाढतात, म्हणून १० वॅटला साडेसत्त्याऐंशी आणि १०० वॅटला साडेसत्त्याण्णव.

"आता मला सांग, तू आवाज किती मोठा ठेवतोस?" मास्तरांनी विचारले. शेजाऱ्यांची भिंत सामाईक असल्यामुळे तो चित्रपटगृहाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा साधारण १५ डेसिबल खालीच ऐकतो. चित्रपटगृहाच्या पातळीवर प्रत्येक मुख्य स्पीकरकडून १०५ डेसिबलपर्यंतचे शिखर अपेक्षित असते. त्यातून १५ वजा केले तर ९०. ते गाठायला त्याच्या खोलीत १८ वॅट पुरतात. शिवाय ८० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खर्जाचा, सगळा भार त्याचा सबवूफर हा वेगळा स्पीकर स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर उचलतो. मग १००च्या जागी २०० वॅट आणल्याने काय मिळणार? ३ डेसिबल, म्हणजे ऐकताना जेमतेम जाणवेल एवढी वाढ. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी वॅट दसपट लागतात, आणि ते कोणत्याही दिवाणखान्यात परवडणारे नाही.

अण्णा मागे हटले नाहीत आणि त्यांनी हटू नये असे मलाही वाटत होते, कारण त्यांची बाजू त्यांच्या घरापुरती पूर्ण खरी आहे. त्यांच्या जुन्या बंगल्यातला दिवाणखाना मोठा आहे, सोफा साडेचार मीटरवर आहे आणि समोरचे स्पीकर ४ ओहमचे आहेत. अशा स्पीकरला तितक्याच व्होल्टेजवर ८ ओहमच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो, आणि रिसीव्हर दमतो तो तिथे. काही जण अशा वेळी रिसीव्हरच्या मेनूत जाऊन ओहमची सेटिंग खाली आणतात. तिने रिसीव्हर तापायचा थांबतो खरा, पण सहसा व्होल्टेज आवळूनच, म्हणजे ताकद आणखी घटते. अण्णांकडे दुसरेही कारण होते. त्यांच्या छतातले चार स्पीकर धरून अकरा चॅनेल होतात. त्यांचा रिसीव्हर अकरा चॅनेलचा आवाज वेगळा काढू शकतो, पण त्याच्यात ॲम्प्लिफायर नऊच आहेत. दोन चॅनेलचा ॲम्प्लिफायर बाहेरून जोडल्याशिवाय त्यांचे गाडे पुढे सरकलेच नसते. तो त्यांनी समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरना दिला आणि मोकळे झालेले आतले दोन चॅनेल छताकडे वळवले. ही वाटणी मला अगदी योग्य वाटते, कारण सर्वांत जड काम बाहेर जाते.

माझा अनुभव मी सांगितला तो याच टप्प्यावर. दोन वर्षांपूर्वी मी तीन चॅनेलचा ॲम्प्लिफायर आणला, प्री-आउटमधून, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरसाठी रिसीव्हरला असलेल्या जोडण्यांमधून, तीन केबल त्याला जोडल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी आवाज इतका उघडलेला वाटला की घरातल्यांना बोलावून ऐकवला. दुसऱ्या दिवशी माइक मांडून रिसीव्हरचे कॅलिब्रेशन, म्हणजे खोलीप्रमाणे प्रत्येक स्पीकरची पातळी जुळवणे, पुन्हा केले, तेव्हा त्याने समोरचे तिन्ही चॅनेल आपणहून ३ डेसिबलने खाली आणले आणि आदल्या दिवसाचा उघडेपणा जवळजवळ सगळा गेला. नव्या ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आलेला सिग्नल तो जितक्या पटीने वाढवतो ते प्रमाण, आतल्यापेक्षा जास्त होता, एवढेच घडले होते. आवाज थोडासा मोठा झाला की कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. म्हणून पातळी समान केल्याशिवाय दोन ॲम्प्लिफायरांची तुलना करणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. तो ॲम्प्लिफायर मी ठेवला, पण वेगळ्या कारणासाठी: पूर्वी अडीच तासांच्या चित्रपटानंतर रिसीव्हरच्या झाकणावर तळहात टेकवत नसे, आता ते कोमट राहते.

दुसरी गोष्ट गुणगुणीची. ॲम्प्लिफायर जोडल्याबरोबर तिन्ही स्पीकरांतून एकसारखी खोल घरघर सुरू झाली होती. माझ्या रिसीव्हरची वायर दोन पिनांची आहे, ॲम्प्लिफायरची तीन पिनांची. आणि गच्चीवरच्या डिशची केबल सेट टॉप बॉक्समार्फत रिसीव्हरपर्यंत येते. गच्चीवर एक अर्थिंग आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये दुसरे, असे वेटोळे पूर्ण झाले आणि ५० हर्ट्झची वीज त्यातून फिरू लागली. डिशची केबल उपटली त्या क्षणी खोली शांत झाली. ज्या दुकानातून ॲम्प्लिफायर घेतला तिथल्या माणसाने मला फोनवर अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितले होते. हा सल्ला कोणीही, कधीही ऐकू नये. धातूच्या पेटीत वीज उतरली तर ती पिनच आपला जीव वाचवते. मी केबलवर हे वेटोळे तोडणारा आयसोलेटर बसवला आणि सगळी उपकरणे एकाच १६ अँपिअरच्या सॉकेटवर आणली.

मांडवाला साउंड लावणारा आमचा मित्र इतका वेळ ऐकत होता. त्याच्याकडचे स्टेजचे ॲम्प्लिफायर तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त वॅट देतात हे त्याने सांगितले, पण त्यांचे पंखे दिवाणखान्यात हळू संवादाच्या वेळी ऐकू येतात, हेही त्यानेच प्रामाणिकपणे सांगितले.

मग त्यानेच धाकट्याला विचारले, "तुझा सेंटर स्पीकर, ज्यातून बहुतेक संवाद येतात तो मधला, कुठे ठेवला आहेस?" धाकट्याने मोबाईलमधला फोटो दाखवला. टीव्हीखालच्या कपाटाच्या कप्प्यात, वीतभर आत सरकवलेला आणि तोंड गुडघ्यांकडे, असा तो होता. अण्णांनीही फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला.

त्याच रात्री आम्ही सगळे त्याच्या घरी गेलो. स्पीकर कप्प्याच्या काठापर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे देऊन त्याचे तोंड सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाकडे वळवले आणि कॅलिब्रेशन पुन्हा केले. ज्या प्रसंगाची त्याची तक्रार होती तोच प्रसंग लावला, आणि पार्श्वसंगीत चढल्यावरही प्रत्येक शब्द वेगळा कळला. अण्णा म्हणाले की, पुढच्या रविवारी ते आपला ॲम्प्लिफायर घेऊन येतील आणि पातळी मीटरने जुळवून, कोणता चालू आहे हे न सांगता दोन्ही ऐकवतील. मास्तरांनी मीटर आणायचे कबूल केले आहे.