मेरिटचा घोळ

इंग्रजी शब्दांचे अर्थ तोंडवळ्यावरून ओळखायची मला वाईट खोड आहे. म्हणजे नाक-डोळे ओळखीच्या शब्दासारखे दिसले की डिक्शनरी कोण उघडतंय, असेल त्याच्याच घरातला, असं म्हणून मी मोकळा. लहानपणी मराठीत दिन-दीन आणि शिर-शीर यांच्यापायी इतके मार्क गेले तरी अक्कल काही आली नाही.

एकदा एका हॉटेलात शेजारच्या खोलीतल्या गोंगाटाला वैतागून मी रुबाबात चिठ्ठी लिहिली की माझी रूम फार नॉइसम आहे. दहा मिनिटांत एक माणूस बादली आणि फिनेल घेऊन हजर! नॉइसमचा नॉइजशी काडीचा संबंध नाही, तो 'अनॉय'च्या घरातला, आणि अर्थ काय तर घाण वास मारणारा. खोली चकाचक झाली, गोंगाट तसाच.

पण खरा घात केला तो मेरेट्रिशसने. आमच्या साहेबांना बढती मिळाली, अभिनंदनाचं पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात, आणि मेरिटोरियस फारच गुळगुळीत झालाय म्हणून मी त्याचा जरा भारदस्त भाऊ शोधून काढला, 'युअर मेरेट्रिशस सर्व्हिस', खाली अख्ख्या ऑफिसच्या सह्या. पत्र देऊन झाल्यावर रात्री सहज अर्थ बघितला तर वरून भपका, आत पोकळ! बरं, नातं मी बरोबर ओळखलं होतं हो, दोन्ही शब्द लॅटिनच्या 'मेरेरे'तून, म्हणजे कमावणे, यातूनच आलेत. फक्त आमचा हा आला 'मेरेट्रिक्स'वरून, आणि मेरेट्रिक्स म्हणजे वेश्या. झोप कसली लागतेय!

मग पहाटेपर्यंत चुका शोधत बसलो, अर्थात दुसऱ्यांच्या. १९३४ च्या वेब्स्टर डिक्शनरीत 'डॉर्ड' असा शब्द छापलाय, अर्थ घनता. असा शब्दच नाही! डेन्सिटीसाठी कॅपिटल किंवा स्मॉल डी चालतो, एवढंच सांगणारी 'डी ऑर डी' (D or d) अशी चिठ्ठी होती, ती कुणीतरी सलग वाचली आणि झाला शब्द. १९३९ मध्ये एका संपादकाला दिसलं की ह्याची व्युत्पत्तीच दिलेली नाही, तेव्हा कुठे बिंग फुटलं. तेवढं वाचून जरा गार वाटलं.

साहेबांनी ते पत्र फ्रेम करून खुर्चीमागे लावलंय, अवघड शब्द होता म्हणून विशेष आवडलं म्हणे. डॉर्ड पाच वर्षांत पकडला गेला. आमच्या फ्रेमला सातवं चालू आहे.