बंद म्हणजे बंद

सकाळी चहा घेताना आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो दरवर्षीचा आदेश येऊन पडला. पावसाळा, गर्दी, दरडींचा धोका, अमुक अमुक गडांवर जायला पुढची सूचना मिळेपर्यंत मनाई. आणि खाली नेहमीचीच मंडळी, नेहमीचाच त्वेष. "आमच्या राजांच्या गडावर जायला आता परवानगी काढायची?" "सह्याद्री काय कोणाच्या बापाचा आहे का?" एका महाभागाने तर मागच्या बाजूची कुठली वाट उघडी असते तेही टाकलं, लोकेशनसकट. त्याला धडाधड अंगठे. मी तिथे काही बोलले नाही. इथे बोलते.

मला एकदम आठवले ते ड्रोनवाले काका.

कोलंबियाला गेले होते तेव्हाची गोष्ट. सांता मार्ता शहरातून जीपने कच्च्या रस्त्याने शेवटच्या गावापर्यंत जायचं आणि तिथून सिएरा नेवादाच्या डोंगरात चालायला लागायचं. जाऊन-येऊन साधारण चार दिवस. चिखल, घाम, नदी ओलांडणं, रात्री मच्छरदाणीत झोपणं, पहाटे परत ओलेच मोजे. बुरिताका नदीच्या पलीकडे बाराशेच्या आसपास शेवाळलेल्या दगडी पायऱ्या चढल्या की तेयुना. बाहेरचे लोक त्याला सिउदाद पेर्दिदा, म्हणजे हरवलेलं शहर, म्हणतात. इसवी सन ८००च्या सुमारास वसलेलं, पेरूतल्या माचू पिचूच्या कितीतरी आधीचं. उभ्या भिंती नाहीत, शिखरं नाहीत. डोंगराच्या धारेवर दगडांनी बांधून काढलेले दीडशेच्या वर गोल ओटे, त्यांना जोडणाऱ्या फरसबंद वाटा आणि पाणी काढून देणारे चर. एकेकाळी त्या ओट्यांवर घरं होती. तिथला पाऊस आपल्या कोकणाला लाजवेल असा, आणि तो शतकानुशतकं झेलून ते ओटे जागच्या जागी आहेत. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता एक पावसाळा काढत नाही, पण तो विषय वेगळा.

तर काका. अमेरिकेत राहणारे, आपलेच मराठी. मूळ गाव सांगत नाही, उगाच वाद नको. नवा कोरा ड्रोन घेऊन आलेले. पहिल्याच थांब्यावर त्यांनी डबा उघडला आणि आमच्या वाटाड्याने मान हलवली. नाही. हा वाटाड्या विवा समाजाचा, पांढरे कपडे, पायात गमबूट, खांद्याला विणलेली झोळी. दुभाषी मुलगी मध्ये बसलेली. काकांनी विचारलं, का नाही? तो म्हणाला, नाही. काका म्हणाले, फी असेल तर भरतो. नाही. परवानगी कोण देतं, त्याच्याशी बोलू का? त्याने कलिंगडाची फोड संपवली, हात धुतले, आणि पुन्हा तेच. आवाज चढला नाही, की कारण दिलं नाही.

त्या डोंगरात कोगी, विवा, आर्वाको आणि कांकुआमो असे चार समाज राहतात. तैरोना लोकांनी तेयुना बांधलं आणि हे स्वतःला त्यांचे वंशज मानतात. बाहेरच्या जगाला या जागेचा 'शोध' लागला १९७० च्या दशकात, तोही थडगी उकरून सोनं विकणाऱ्या चोरांना. तिथले दागिने चोरबाजारात यायला लागले तेव्हा कुठे पुरातत्त्ववाल्यांना जाग आली, ते पोचले १९७६ मध्ये. मग पर्यटक आले, मग बंदुकवाले आले. २००३ मध्ये सशस्त्र बंडखोरांनी तिथून आठ परदेशी पर्यटक पळवून नेले होते. नंतर सैन्य आलं, अजूनही वर जवानांची चौकी आहे. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांची जागा, ते सोडून बाकी सगळे तिथे न विचारता शिरले. अशा माणसाने 'नाही' म्हटल्यावर त्याच्याकडे कसला खुलासा मागायचा?

पण काका कसले ऐकतात! दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना तोच पाढा. "निदान कारण तरी सांगायला नको? आपण पैसे मोजून आलोय." त्यात त्यांना कळलं की दर सप्टेंबरमध्ये हे लोक तेयुना बाहेरच्यांसाठी बंदच ठेवतात. त्यांचे मामो, म्हणजे त्यांचे पुरोहित म्हणा, जाणते म्हणा, तिथे विधी करतात, जागेला विसावा देतात. काका म्हणाले, "महिनाभराचा धंदा बुडवतात! मॅनेजमेंट नावाची गोष्टच नाही." मी ताटात बघत राहिले, कारण परदेशात आपल्याच माणसाशी मराठीत भांडायला मला आवडत नाही.

आणि वर पोचल्यावर? काकांनी चौकीवरच्या जवानाला गाठून विचारलं, तुम्ही तरी परवानगी द्याल का. तो पोरगेला जवान हसला आणि बोटाने आमच्या वाटाड्याकडे दाखवलं. बंदूक याच्याकडे, पण शब्द त्याचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

उतरताना एका वळणावर एक कोगी कुटुंब समोरून आलं. बाईच्या पाठीशी बाळ, मागे खेचर, नवऱ्याच्या हातात ते भोपळ्याचं पोपोरो. आपल्या चंचीत चुन्याची डबी असते ना, तसं. त्यात शिंपल्यांचा चुना, तो कोकाच्या पानांबरोबर खातात. आम्ही सगळे बाजूला झालो, ते सरळ गेले. आमच्याकडे बघितलंही नाही. आपण कोणीतरी खास पाहुणे आहोत असं वाटायला लागलेलं असतं चालून चालून, ते तिथल्या तिथे उतरलं. काकांनी मोबाइल वर केला होता, वाटाड्याने नुसतं बघितलं, त्यांनी खाली केला. शिकत होते बिचारे.

आता आपल्याकडे या. इथे तर कारण सांगतात! दरड कोसळेल, पाय घसरेल, गर्दीत चेंगराल. तरी ऐकायचं नाही. इर्शाळवाडी २०२३ च्या जुलैत झोपेत गाडली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत याच ग्रुपवर एकाने विचारलं होतं, "इर्शाळगड कधी सुरू होतोय?" त्या रात्री मी फोन बंद करून ठेवला. आज लिहितानाही हात थरथरतोय.

हो, मान्य आहे, आपले आदेश काढणारे काही मामो नाहीत. धोक्याचा गड आणि बिनधोक्याचा गड एकाच यादीत ढकलतात आणि मोकळे होतात. पण वासोटा बघा. कोयनेच्या अभयारण्यात आहे, पावसाळ्यात बंद असतो, एरवी बामणोलीला परवानगी काढून बोटीने जायचं. कोणाचं काही अडलं का? कासला फुलांच्या दिवसांत माणसं मोजून सोडतात. सुरुवातीला केवढी ओरड झाली, आता सगळे मुकाट्याने ऑनलाइन बुकिंग करतात.

आणि "राजांचा गड" म्हणणाऱ्यांनो, रायगडाचे दरवाजे तिन्हीसांजेला बंद व्हायचे ही गोष्ट तुम्ही तिसरीत असताना ऐकली असेल. गवळणीसाठीही उघडले नाहीत. आता कोणीतरी लगेच लिहील की हिरकणीचा तर महाराजांनी सत्कार केला. केला. तिला खाली तान्हं बाळ होतं. तुम्हाला वर रील आहे.

जाऊ दे, फार चिडले.

एक मुद्दा मात्र मलाही टोचतो. गड बंद झाला की पायथ्याच्या मावशींची चूल थंड पडते, आणि पावसाळा हाच त्यांचा कमाईचा काळ. यावर कुठल्याच आदेशात एक ओळ नसते. म्हणून दुपारी आमच्या नेहमीच्या मावशींना फोन लावला. म्हणाल्या, "वर नगा जाऊ बाई, लय निसरडं झालंय. पण जेवाय या की."

गावात जायला मनाई नाही, वर चढायला आहे. तेव्हा रविवारी नुसतं जेवायला जातोय. तांदळाची भाकरी, पिठलं, मिळाली तर कुरडूची भाजी. ट्रेकला देतो तेवढेच पैसे त्यांना द्यायचे, घासाघीस नाही. गाडीत दोन जागा आहेत. यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, मावशींना पीठ दळून आणावं लागतं.