मॉकला 171, परीक्षेत 146: रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. एफएमजीईत, म्हणजे परदेशातून डॉक्टरकी शिकून आलेल्यांना भारतात प्रॅक्टिससाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेत, 300 पैकी 146 आले, पास व्हायला लागणाऱ्या 150 ला चार गुणांनी राहिलं, याचं मनापासून वाईट वाटतं. तुम्ही लिहिलंय की आमचा शेवटचा मॉक (सराव पेपर) घरी बसून मोबाईलवर दिला तेव्हा 171 होते, तोच पेपर आठवड्याने पुन्हा सोडवला तेव्हा 198 आले, आणि तरी परीक्षेत नापास. म्हणजे सेंटर मुद्दाम सोपे पेपर देऊन मुलांना खूश ठेवतं आणि फी घेतं, असा तुमचा आरोप आहे. अमेरिकेच्या परीक्षेचे मॉक निकाल बरोबर सांगतात, मग तुमचे का नाही, असंही विचारलंय. खानापूर, निपाणी, चिक्कोडीहून फोन करणारे पालकही हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. तुमची हजेरी, बाकीच्या टेस्टचे गुण यातलं काही मी इथे मांडणार नाही. तुम्ही स्वतः जे सांगितलंय तेवढ्यावरच बोलते.

पेपर सोपे ठेवलेले नाहीत. प्रश्नांची वाटणी परीक्षेसारखीच असते: मेडिसिन 33, सर्जरी 32, स्त्रीरोग-प्रसूती 30, कम्युनिटी मेडिसिन 30, ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी 17, आणि असंच पुढे 300 पर्यंत. पण खरा पेपर परीक्षा घेणारं बोर्ड प्रसिद्ध करत नाही, आणि प्रश्न बाहेर सांगणार नाही अशी हमी प्रत्येक परीक्षार्थीकडून घेतली जाते. बाहेर फिरतात ते रिकॉल, म्हणजे मुलांना आठवले तसे तुकडे. त्यावरून कुणीही, आम्हीसुद्धा, खऱ्या पेपरची हुबेहूब नक्कल करू शकत नाही. तशी जाहिरात करणाऱ्यांपासून मुलांनी लांब राहावं.

आता 171 बद्दल. ज्याची तयारी साधारण 55 टक्क्यांची आहे त्याला 300 पैकी 165 च्या आसपास मिळायला हवेत. पण अभ्यास तोच, कठीणपणा तोच आणि फक्त प्रश्न वेगळे आले, तरी त्याचे गुण 8-9 ने वरखाली होतात. हे साधं संख्याशास्त्र आहे. मॉकही असा हलतो आणि परीक्षाही हलते, त्यामुळे दोघांत 12 गुणांचा फरक अगदी सहज पडतो, 20 पडला तरी आश्चर्य नाही. म्हणून 171 वर "पास" असा शिक्का मी कधीच मारत नाही. 150 च्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलाला हा फरक फार महागात पडतो.

आणि या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही. चार पर्यायांपैकी एक ठोकून दिला तरी चारात एकदा बरोबर येतो. हिशेब करून बघा: 100 उत्तरं पक्की येत असतील आणि उरलेली 200 नुसती ठोकली, तरी सरासरी 50 लागतात आणि बेरीज 150 होते! म्हणजे 171 या आकड्यात किती ज्ञान आणि किती नशीब, हे आकडा बघून कळत नाही. म्हणूनच हॉलमध्ये पेपर देताना आम्ही प्रत्येक उत्तरापुढे खूण करायला लावतो: खात्री, अर्धी खात्री, अंदाज. मुलं कंटाळतात, पण एकूण गुणांपेक्षा खात्रीच्या उत्तरांची संख्या मला जास्त सांगून जाते.

घरी दिलेल्या पेपरचा आकडा अंदाजाला धरू नका, हे मी दर बॅचला पहिल्या दिवशी सांगते. खऱ्या परीक्षेत दोन भाग असतात, प्रत्येकी 150 प्रश्न आणि 150 मिनिटं, दोन्ही एकाच दिवशी. घरी मध्येच चहा होतो, लाईट जाते, फोन वाजतो, दुसरा भाग दुसऱ्या दिवशी होतो. पुन्हा सोडवलेल्या पेपरचे 198 तर पूर्ण बाजूला ठेवा. ते आठवणीचे गुण आहेत. उजळणी म्हणून त्यांचा उपयोग आहे, भाकीत म्हणून काहीच नाही.

आपल्या भागातल्या मुलांची आणखी एक अडचण मला रोज दिसते, तिच्यावर कुठल्याच कोष्टकात रकाना नसतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून पुढे किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जियाला गेलेल्या मुलाला विषय येतो, पण रुग्णाची पाच-सहा ओळींची इंग्रजी हकीकत मिनिटभरात वाचून, फोटो किंवा ईसीजी बघून उत्तर द्यायचं म्हटलं की शेवटचे प्रश्न घाईत जातात. घरी घड्याळ न लावता तोच मुलगा सगळं बरोबर सोडवतो. अशा मुलाचा मॉक आणि निकाल यातला फरक बुद्धीचा नसतो, वेगाचा असतो, आणि वेग सरावाने वाढतो.

अमेरिकेच्या परीक्षेचं वेगळं आहे. यूएसएमएलई, म्हणजे तिथे डॉक्टरकीच्या परवान्यासाठीची परीक्षा, टप्प्याटप्प्याने (स्टेप 1, स्टेप 2) होते; तिची एक मालक संस्था एनबीएमई ही आहे आणि स्व-चाचण्या, म्हणजे सरावाचे पेपरही, तीच काढते. प्रश्न त्याच घरचे, आणि पेपर अवघड-सोपा असला तर गुणांत तसा मेळ घातलेला असतो. तरीसुद्धा स्टेप 1 च्या चाचणीत ती "आठवड्याभरात परीक्षा दिलीत तर पास होण्याची शक्यता इतकी टक्के" एवढंच सांगते, स्टेप 2 साठीही संभाव्य गुणांचा पट्टा देते. परीक्षा घेणारेच जिथे छातीठोक आकडा देत नाहीत, तिथे बेळगावात बसून मी कशी देऊ?

आपल्याकडे रेषा 300 पैकी 150 वर कायमची आखलेली आहे, पेपर कसाही येवो. जून 2023 मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास मुलं पास झाली, त्याच वर्षीच्या डिसेंबर सत्रात वीस टक्क्यांच्या. मुलंही वेगळी होती हे खरं, पण एका सत्रातला "सेफ स्कोअर" दुसऱ्या सत्रात तसाच धरणं किती धोक्याचं आहे ते यातून दिसतं. मी मुलांना सांगते की हॉलमध्ये, वेळ लावून, पहिल्यांदाच पाहिलेल्या पेपरांत सर्वांत कमी गुण कुठल्यात आले ते बघा. तोही 165 च्या वर असेल तर शांतपणे परीक्षेला जा. सरासरी बघू नका, सर्वांत जास्त तर नकोच.

फीबद्दल: घेतलेल्या टेस्टची फी परत मिळत नाही, हे प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. पण आमच्याकडून बसून जो नापास होतो त्याला पुढच्या सत्राचे हॉलमधले सगळे पेपर फुकट असतात. हा नियम सगळ्यांना आहे, तुम्हालाही. त्यासाठी रिव्ह्यू काढायची गरज नाही, तो तसाच राहू दे.

परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यामुळे वेळ आहे. रविवारी सकाळी आमच्या टिळकवाडीच्या हॉलमध्ये नवा पेपर आहे. डबा घेऊन या, दोन्ही भाग एकाच दिवशी द्या आणि प्रत्येक उत्तरापुढे खूण करा. संध्याकाळी मी स्वतः तुमच्यासोबत बसते, आधी खात्रीच्या खुणा करूनही चुकलेले प्रश्न काढू, मग बाकीचे. आई-बाबांना बरोबर आणलंत तरी चालेल, त्यांच्याशीही बोलते.