आवाज आहे, चित्र नाही

टीव्हीवर मुंग्या आल्या तर आमच्या पिढीचा माणूस डगमगत नाही. मुंग्या म्हणजे अँटेना. चित्र भराभर वर पळायला लागलं की होल्डचं बटण. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचंच भूत बसलेलं दिसलं की समजायचं, समोर नवी बिल्डिंग उठली. एक जण गच्चीवर, एक जण खिडकीत, आणि मधे "आलं... आलं... गेलं!" एवढ्या भांडवलावर आम्ही टीव्ही दुरुस्त केले, कारण बिघडलेलं चित्र निदान काहीतरी बोलतं. काळा पडदा ढिम्म काही सांगत नाही. आणि तो सांगत नाही म्हणून घरातले सगळे सांगायला लागतात.

नौपाड्याच्या आमच्या घरी माळा आवरताना जुना टीव्ही गेम निघाला. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम काढला, त्याची ही नक्कल. नव्वदच्या दशकात असला एक तरी डबा प्रत्येक बिल्डिंगमध्ये असायचा. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं. आत मारिओ, रणगाडे, बदकं, आणि मग नावं बदलून पुन्हा तेच. (कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या उलट गंजतात, हे कळेपर्यंत आमची दहावी झाली होती.)

हा गेम टीव्हीला जोडायची मूळ तऱ्हा अशी, की आतली एक पत्र्याची डबी चित्र आणि आवाज एकत्र करून आपण चॅनेल असल्याचं सोंग आणते, आणि आपण तो चॅनेल शोधत बसायचं. नव्या टीव्हीवर तो सापडला, पण मारिओ कमी आणि मुंग्या जास्त. म्हणून ठरवलं, डबी बायपास करायची. चित्राच्या चिपला ४० पाय असतात आणि २१ नंबरच्या पायावर चित्र तयारच मिळतं. फक्त ते इतकं अशक्त, की टीव्हीचा ७५ ओहमचा भार त्याला झेपत नाही. मधे एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, एक कपॅसिटर असा आधार द्यावा लागतो.

त्यासाठी ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि पुढे लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गर्दीत शिरणं. सर्किटमध्ये २एन३९०६ नावाचा ट्रान्झिस्टर लिहिला होता. काउंटरवरच्या माणसाने बीसी५५७ पुढे सारला आणि म्हणाला, "सेम है." तसा सेम आहेही, फक्त पाय उलटे. चपटी बाजू आपल्याकडे धरली, तर एकाचा एमिटर नावाचा पाय डावीकडे येतो, दुसऱ्याचा उजवीकडे. मला हे ठाऊक होतं आणि मी तो फिरवूनच लावला. मुद्दाम सांगतोय, कारण पुढे आमच्या घरात या ट्रान्झिस्टरची फार बदनामी झाली.

सोल्डर थंड झाला. रोझिनचा वास उशांपर्यंत पोचला. पॉवर ऑन केली. मारिओची धून ठणठणीत वाजली, आणि पडद्यावर काळोख. कोपऱ्यात 'नो सिग्नल'. उजव्या स्पीकरमधून एक बारीक घूंऽऽ.

"आवाज येतोय ना, म्हणजे धुगधुगी आहे," आई म्हणाली.

"आधी निदान मुंग्या तरी दिसत होत्या," बायको.

त्या घूंबद्दल तर प्रत्येकाचं वेगळं. बायकोच्या मते तो फ्रिज. आईच्या मते डास. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, अर्थिंग.

हे काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटी कंट्रोलला होते. सोसायटीच्या सत्यनारायणाचा शिरासुद्धा ते बॅच बघून खातात. येताना भिंग आणि मार्कर घेऊनच आले. "ड्राय सोल्डर असणार," असा निकाल देऊन मग तपासणीला बसले. त्यांचं म्हणणं खोटं नाही: चांगला सोल्डर चकाकतो आणि पायाभोवती उतरता बसतो, ड्राय असला की राखाडी, गोळाच्या गोळा. पण काकांनी माझ्या एकेका सांध्यावर भिंग धरून "हं" म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मला दहावीचा गणिताचा पेपर परत मिळत असल्यागत वाटायला लागलं. काही सांध्यांशेजारी त्यांनी मार्करने बारीक 'आर' काढला. आर म्हणजे रीवर्क. ट्रान्झिस्टरशेजारी मोठा काढला.

"अरे, हा उलटा लागलाय."

"काका, याचे पायच उलटे असतात."

"मग उलटाच झाला ना!"

त्यांच्या समाधानासाठी सगळे सांधे पुन्हा तापवले. काळोख तसाच, घूं तसंच.

मग मीटर काढला. चिपच्या २० आणि ४० नंबरच्या पायांमध्ये ४.९८ व्होल्ट, म्हणजे सप्लाय ठीक. ग्राउंडला बीप, म्हणजे जोडणीही ठीक. ट्रान्झिस्टरचा एमिटर मधल्या पायापेक्षा, म्हणजे बेसपेक्षा, ०.६ व्होल्टने वर; या जातीच्या (पीएनपी) ट्रान्झिस्टरने वागावं तसा वागतोय. मीटरच्या लेखी आमच्या घरात बिघाडच नव्हता. अशा वेळी एखादा पाय तुटलेला निघाला तर माणूस पेढे वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेम चालू ठेवून मी जमिनीवर बसलो होतो, मीटरचा प्रोब २१ नंबरच्या पायावर. आई फडकं घेऊन आली. "सरक जरा. टीव्हीमागे किती धूळ ती!" तिने वायरी उपसल्या, पुसल्या, परत खुपसल्या.

"आलं!" स्वयंपाकघराच्या दारातून बायको ओरडली.

खरंच आलं होतं. निळं आकाश, ढग, विटा, सगळं लख्ख. मला वाटलं, माझ्या प्रोबनेच काहीतरी जुळलं. मी हात हलवेना, श्वासही बेताने. चहा आला तो डाव्या हाताने प्यायलो. शेवटी मनगटाला गोळा आला आणि प्रोब सुटला. चित्र जागेवरच!

टीव्हीमागे जाऊन बघितलं, तर आईने चित्राची पिवळी पिन उजव्या आवाजाच्या तांबड्या भोकात खुपसली होती.

बऱ्याच नव्या टीव्हींना तीन रंगांची तीन भोकं नसतात; हेडफोनसारखं एकच छोटं भोक, त्यात चार पट्ट्यांची पिन, आणि तीन रंगांची भोकं त्या पिनेच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या टीव्हीबरोबर आलेली केबल हरवली होती, म्हणून स्टेशनजवळच्या स्टॉलवरून दुसरी आणलेली. त्या चार पट्ट्यांपैकी कुठल्या पट्टीवर चित्र आणि कुठल्या पट्टीवर उजवा आवाज, यावर टीव्ही बनवणाऱ्यांचं एकमत नाही. स्टॉलवरची केबल दुसऱ्या पंथाची निघाली. म्हणजे कालपासून टीव्ही मारिओचं चित्र आम्हाला उजव्या स्पीकरमधून ऐकवत होता. ते घूं, ते चित्र होतं!

हे मी घरात सविस्तर समजावून सांगितलं.

"धूळ होती," आई म्हणाली.

काकांना बोलावलं. त्यांनी मागे वाकून पाहिलं. "पिवळं तांबड्यात? हे मी पास करणार नाही." पिवळी पिन काढून पिवळ्यात लावली. काळोख. परत तांबड्यात. उजेड. चष्मा पुसून पुन्हा तेच करून पाहिलं. मग मार्कर काढून केबलच्या लेबलवर बारीक अक्षरात 'डिव्हिएशनवर पास' (म्हणजे नियमात बसत नाही, पण चालेल) लिहिलं, खाली सही केली, सोफ्यावर ऐसपैस बसले आणि म्हणाले,

"दोन नंबरचा रिमोट चालतो का रे?"