शंभरपैकी शंभर, आणि त्याखालचे सारे उत्तेजनार्थ

दहावीचा निकाल लागला की मुलाचे अभिनंदन करण्याची घाई करू नये. ९४ टक्के मिळाले असतील, तर उरलेले सहा कुठे सांडले याची चौकशी आधी करावी आणि ती पाहुण्यांसमोरच करावी.

राज्य मंडळाच्या २०२५ च्या परीक्षेत २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले, हा आकडा जेवणाच्या टेबलावर रोज उच्चारावा. मात्र परीक्षेला पंधरा लाखांहून अधिक मुले बसली होती, ही माहिती घरात कळू देऊ नये. 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मुळे सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून वगळला जातो आणि खेळाचे, लोककलेचे व चित्रकलेचे सवलतीचे गुण वर मिळतात, त्यामुळे ते शंभर म्हणजे निर्दोष ज्ञान नव्हे, हेही लपवावे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा मात्र अवश्य द्यायला लावावी, कारण 'अ' श्रेणीला सात गुण असतात. श्रेणी हाती आली की रंगपेटी माळ्यावर टाकावी, कारण त्यानंतर चित्र काढणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

झोप सुट्टीत घेता येते, आणि सुट्टीत व्हेकेशन बॅच असते.

गुणगौरव समारंभ करायचा असल्यास आमच्या सोसायटीचा आदर्श ठेवावा. गेल्या रविवारी ९५ आणि त्यावरील मुलांना व्यासपीठावर शाल-श्रीफळ मिळाले आणि बाकीच्यांना, पाहुणे चहाला उठल्यावर, 'उत्तेजनार्थ' म्हणून एकेक पेन वाटण्यात आले. ९४ टक्क्यांच्या मुलीच्या आईने तर माइक मागून घेतला आणि "इतिहासाने घात केला हो," असे म्हणत सर्वांची जवळजवळ क्षमा मागितली. मुलगी शेजारीच उभी होती, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या!

अहो, टाळ्या कशाच्या? पंधरा वर्षांच्या मुलीला चारचौघांत अपराधी ठरवल्याच्या? याच मंडळींच्या तरुणपणी साठ टक्क्यांना पहिला वर्ग मिळाला की गल्लीभर पेढे वाटले जात, आणि त्या साठ टक्क्यांवर नोकरी, संसार व हा फ्लॅट सगळे व्यवस्थित झाले. मग मुलांनीच हा जाच का सोसायचा? कार्यकारिणीने ती ९५ ची अट काढून टाकावी आणि त्या मुलीच्या घरी जाऊन तिचे नीट अभिनंदन करावे. तेवढे जमत नसेल, तर पुढच्या वर्षीच्या समारंभाची वर्गणी मागायला माझ्या दारात कुणी येऊ नये.