खालचे तीन खण

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि आमचं घर सांगलीच्या गावभागात, तळमजल्यावर. कागदपत्रं आणि सासूबाईंची औषधं घेऊन आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. निघण्याआधी पुस्तकं वरच्या खणांत चढवली, जेवढी मावली तेवढी.

पाणी ओसरल्यावर कुलूप काढलं. खालच्या तीन खणांतली पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की एकही ओढून निघेना. शेवटी नवऱ्याने पहारीने फळीच उचकटली. साधा कागद पंख्याखाली वाळतो तरी. चित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत आर्ट पेपर चिकटून त्याची वीट होते. सत्यकथेचे अंक मी वीस वर्षं रद्दीच्या दुकानांतून एकेक करून जमवले होते. १९८२ साली बंद पडलेलं मासिक, पुन्हा कुठून आणायचं? त्यांचा लगदा घमेल्याने उचलून दारात टाकला. त्याच पुरात सांगली नगर वाचनालयाचीही कितीतरी पुस्तकं गेली.

त्यानंतर वर्षभर छापील पुस्तक विकत घेण्याची हिंमत झाली नाही. लेकीने किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र, आणून दिलं, मग मराठी ई-बुकांसाठी बुकगंगाचं ॲप घेतलं. आता कादंबरी, अनुवाद, प्रवासवर्णन, चरित्र, सगळं ई-बुकच घेते. अक्षर मोठं करता येतं, रात्री दोन वाजता हवं ते पुस्तक मिळतं, आणि पावसाळ्यात जीव टांगणीला लागत नाही.

कविता मात्र नाही. अक्षर मोठं केलं की ओळ मध्येच मोडते. कवीने जिथे थांबवलंय तिथे थांबता आलं नाही तर ती कविता मी वाचलीच नाही.

आणि एक गोष्ट मला खरोखर खुपते. ई-बुक ‘विकत घेतलं’ म्हणतो, पण हाती येतो तो बहुतेक वेळा फक्त वाचायचा परवाना. मैत्रिणीला देता येत नाही, लेकीसाठी मागे ठेवता येत नाही. २००९ साली ॲमेझॉनने वाचकांनी पैसे मोजून घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती. पैसे परत केले, पण घरात येऊन कपाटातलं पुस्तक उचलून नेण्यासारखंच ते. वर छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-बुकवर आहे!

जमवणाऱ्याला जे हवं असतं ते तर ई-बुकात सापडतच नाही. नवं पुस्तक चटकन येतं. तीस वर्षं आवृत्ती न निघालेलं येत नाही. प्रकाशकांची अडचण मला कळते. युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमधला मजकूर बदलताना जोडाक्षरं विस्कटतात, प्रुफं पुन्हा तपासावी लागतात, आणि इतकं करून आठ दिवसांत व्हॉट्सॲपवर फुकट पीडीएफ फिरायला लागते. (ती पाठवणाऱ्यांनो, लेखकाच्या ताटातलं काढून घेताय तुम्ही.) तरीही प्रकाशकांना हात जोडून सांगते, जुनी यादी उघडा. आम्ही पैसे देऊन घेऊ.

तोवर माझी छापील खरेदी एवढीच: कविता, दिवाळी अंक आणि दुसरीकडे कुठेच न मिळणारं जुनं. गेल्या महिन्यात मिरजेत रद्दीत सत्यकथेचा एक अंक मिळाला. पाठीचा कागद सुटलेला, आत कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का. तो सगळ्यात वरच्या खणात ठेवलाय.

खालच्या तीन खणांत आता पितळेची भांडी आहेत. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा घरात आलं, तेव्हा ती नुसती घासून घेतली.