द्वैताचा अर्थ आणि मधुमेहाच्या गोळ्या

‘द्वैत म्हणजे दुही. आरोग्य आणि आजार हे द्वैत मनाने निर्माण केलेले आहे. ते मनातून काढले की गोळ्या लागत नाहीत, आणि विज्ञानानेही अद्वैत सिद्ध केले आहे,’ असा एक संदेश आमच्याकडच्या भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप समूहांवर फिरतो आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी तो आत्याबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी मधुमेहाची औषधे बंद केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

गोळ्यांचा मुद्दा आधी घेतो. संदेश लिहिणाऱ्याने द्वैत आणि द्वंद्व यांची सरळ गल्लत केली आहे. द्वैत म्हणजे दोन तत्त्वे, जसे जीव आणि ब्रह्म, खरोखर वेगळी असणे; अद्वैत म्हणजे ती मुळात एकच असणे. द्वंद्व म्हणजे शीत-उष्ण, लाभ-हानी अशी परस्परविरोधी जोडी. गीता द्वंद्वातीत, म्हणजे अशा जोड्यांच्या पलीकडे, व्हायला सांगते, एवढे मान्य करावे लागते. परंतु दुसऱ्या अध्यायाच्या १४व्या श्लोकात शीत-उष्ण आणि सुख-दुःख देणाऱ्या विषयस्पर्शांबद्दल श्रीकृष्ण ‘तांस्तितिक्षस्व भारत’ म्हणतात, म्हणजे ते सहन कर. जे सहन करायचे ते मुळात नाहीच, असा अर्थ यातून कसा काढता येईल? शिवाय तेथे विषय मनाच्या समतेचा आहे, रक्तातल्या साखरेचा नाही. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा खराब होत जातात, आणि बरेच दिवस काहीच दुखत नसल्यामुळे औषध सोडलेल्या माणसाला आपण बरे झालो असे वाटत राहते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी मधुराद्वैत, म्हणजे मधुर भक्तीची जोड असलेले अद्वैत, सांगितले. त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती आणि ते अखेरपर्यंत दृष्टिहीनच होते; म्हणजे अद्वैत सांगितल्याने देहातली उणीव नाहीशी होत नाही.

द्वैत म्हणजे दुही, हेही चूक आहे. द्वैतमत मांडणाऱ्या, तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांनी ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड (अचेतन वस्तू), जीव आणि जीव, जीव आणि जड, जड आणि जड असे पाच भेद सांगितले. त्यांत भांडण कोठेच नाही. उलट, भक्त आणि देव वेगळे असल्यामुळेच त्यांच्या मते भक्तीला जागा राहते. ‘द्वंद्व’ शब्दाला मात्र झुंजीचा अर्थ आहे, आणि गोंधळ कदाचित तेथूनच आला असावा.

विज्ञानाचा दाखला तर पूर्णपणे गैरलागू आहे. तेथे ‘द्वैत’ हा शब्द येतो तो वेगळ्याच अर्थाने. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाश ऊर्जेच्या कणांसारखा वागतो असे मांडले, आणि १९२७ मध्ये इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो हे प्रयोगात दिसले. या दुहेरी वर्तनाला भौतिकशास्त्रात तरंग-कण द्वैत म्हणतात. जीव आणि ब्रह्म एक की दोन, या प्रश्नाशी त्या प्रयोगांचा संबंध नाही.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी आपापल्या समूहावर निदान गोळ्यांचे वाक्य मागे घ्यावे आणि कोणी औषध थांबवले असल्यास त्याला साखर तपासण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.